एक्तोर इपोलितची चित्रकला : ‘लोकचित्रकार’ या संज्ञेचा पुनर्विचार

प्रस्तावना

कलेच्या इतिहासात काही चित्रकारांच्या वाट्याला एक चमत्कारिक प्रसिद्धी येते. त्यांच्या चित्रांपेक्षा ती चित्रे कोणाच्या नजरेस कशी पडली, याचीच कथा अधिक वेळा सांगितली जाते. हैतीचा चित्रकार एक्तोर इपोलित (१८९४–१९४८, इंग्रजी ग्रंथांतून तो ‘हेक्टर हिप्पोलाइट’ या उच्चाराने परिचित आहे) हा अशा चित्रकारांपैकी एक होय. रस्त्याकडेच्या एका मद्यालयाचे रंगवलेले दार, ते पाहून थबकलेला अमेरिकन कलाशिक्षक आणि पुढे पॅरिसपर्यंत पोहोचलेली कीर्ती, एवढ्यावर त्याचे चरित्र बहुधा संपवले जाते. ‘आदिम’, ‘भाबडा’, ‘लोकचित्रकार’ ही विशेषणे त्याला लावली जातात आणि त्यांच्या आधाराने चित्रांचा अर्थही आधीच ठरून जातो.

प्रस्तुत लेखात इपोलितच्या जीवनाचा आणि चित्रांचा परामर्श घेऊन या विशेषणांची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. इपोलित हा नकळत चित्रे काढणारा पुरोहित नव्हता. चित्रकार होण्याचा निर्णय त्याने जाणीवपूर्वक घेतला होता. नुकत्याच छळ सोसलेल्या एका धर्माच्या देवतांना चित्राच्या चौकटीत उघडपणे उभे करणे, हे त्या निर्णयाचे फलित होय. ‘लोकचित्रकार’ ही संज्ञा वापरायचीच असेल, तर ती या निर्णयाची दखल घेऊनच वापरावी लागेल, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

हैतीची धार्मिक आणि सामाजिक पार्श्वभूमी

हैती हा कॅरिबियन समुद्रातील देश पूर्वी ‘साँ-दोमिंग’ या नावाने फ्रान्सची वसाहत होता. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेच्या पश्चिम व मध्य भागातून लक्षावधी माणसे गुलाम म्हणून तेथे आणली गेली. १६८५ च्या फ्रेंच गुलामविषयक संहितेने त्यांना कॅथलिक बाप्तिस्मा सक्तीचा केला. दाहोमे, काँगो इत्यादी प्रदेशांतून आलेल्या या माणसांनी आपापल्या श्रद्धा टाकल्या नाहीत. त्या श्रद्धांची परस्परांत आणि कॅथलिक आचारांशी जी सरमिसळ झाली, तीतून वूडू हा धर्म आकाराला आला. १७९१ च्या गुलामांच्या उठावाला याच धर्माच्या एका विधीने प्रारंभ झाला, अशी हैतीची ऐतिहासिक स्मृती आहे. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला.

वूडूमध्ये परमेश्वर दूरस्थ आहे. माणसाच्या सुखदुःखाशी संबंध असतो तो ‘ल्वा’ नावाच्या दैवी शक्तींचा. ल्वा भक्ताच्या अंगात येतो. ज्याच्या अंगात संचार होतो, त्याला ल्वाचा ‘घोडा’ म्हणतात. पुरोहिताला ‘उंगान’ अशी संज्ञा आहे. विधीच्या आरंभी उंगान चिमटीतून पीठ सोडत जमिनीवर ल्वाचे चिन्ह रेखाटतो. या आकृतीला ‘वेवे’ म्हणतात आणि तिची रीत आपल्या रांगोळीसारखी आहे. वेवेवर पावले पडतात, नृत्य होते आणि विधीबरोबर ती पुसली जाते. ल्वाची प्रतिमा म्हणून मात्र बहुधा कॅथलिक संतांची छापील रंगीत चित्रे वापरली जात. सर्पांसह दाखवलेला संत पॅट्रिक म्हणजे डांबाला, अश्वारूढ संत जेम्स म्हणजे युद्ध व लोहाचा ल्वा ओगू, तर अलंकारांनी मढलेली दुःखमग्न मेरी म्हणजे प्रेमाची अधिष्ठात्री एर्झुली, अशी ही जुळणी होती.

स्वतंत्र हैतीतही या धर्माला प्रतिष्ठा नव्हती. शहरी उच्चवर्गाची भाषा फ्रेंच होती, धर्म कॅथलिक होता आणि अभिरुची पॅरिसची होती. १९१५ ते १९३४ या काळात हैती अमेरिकेच्या लष्करी ताब्यात होता. या मानहानीतून काही विचारवंत आत्मपरीक्षणाकडे वळले. जाँ प्राइस-मार्स यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ग्रामीण हैतीच्या श्रद्धा, कथा व गीते हाच राष्ट्राचा खरा वारसा असल्याचे ठामपणे मांडले. तरीही १९३५ च्या कायद्याने ‘अंधश्रद्धेचे आचार’ दंडनीय ठरले. १९४१–४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष एली लेस्को यांच्या राजवटीत चर्चने शासनाच्या पाठबळावर ‘अंधश्रद्धाविरोधी मोहीम’ उघडली. तीत देवळे उद्ध्वस्त केली गेली, ढोल व पूजासाहित्य जाळले गेले, पवित्र मानलेली झाडे तोडली गेली आणि वूडूचा त्याग केल्याच्या शपथा लोकांकडून घेण्यात आल्या. इपोलितची ज्ञात चित्रे या मोहिमेनंतरच्या अवघ्या काही वर्षांत काढलेली आहेत. हा कालानुक्रम नजरेआड केल्यास त्याच्या चित्रांतील धैर्य लक्षात येत नाही.

जीवनपट

इपोलितचा जन्म १८९४ साली साँ-मार्क या किनारपट्टीवरील गावी झाला. त्याचे वडील व आजोबा उंगान होते आणि ही परंपरा त्याच्याकडेही आली. उपजीविकेसाठी त्याने चांभारकाम केले, घरे रंगवली, दारे-फर्निचर यांवर नक्षी काढली. चित्रकलेचे औपचारिक शिक्षण त्याला मिळाले नाही. हाताशी असेल ते साहित्य तो वापरी. घरांना व फर्निचरला देण्याचा इनॅमल रंग, पुठ्ठा आणि कुंचल्याच्या जागी कोंबडीची पिसे किंवा हाताची बोटे, असा हा सरंजाम होता.

तरुणपणी आपण क्यूबात ऊसतोडणी केली आणि पुढे आफ्रिकेतही प्रवास केला, असे तो सांगत असे. आफ्रिकेच्या प्रवासाबद्दल अभ्यासकांनी शंका व्यक्त केली आहे. परंतु या कथनाकडे केवळ खरे-खोटे या दृष्टीने पाहणे अपुरे ठरते. वूडूच्या कल्पनेत ‘गिनी’ म्हणजे पाण्याखालील पूर्वजांची भूमी होय. ल्वा तेथे वास करतात आणि मृतात्मे तेथे परततात. उंगानाचे ज्ञान गिनीहून आले असे म्हणणे, हा त्या ज्ञानाच्या अधिकाराचाच दाखला असतो. इपोलितचा आफ्रिकाप्रवास या श्रद्धेच्या नकाशावरही वाचता येतो. ला सिरेन या सागरी ल्वाशी आपला गूढविवाह झाल्याचे तो मानत असे, हेही याच नकाशाशी सुसंगत आहे.

१९४५ साली तो राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स येथे आला आणि समुद्रकाठच्या गरीब वस्तीत राहू लागला. जून १९४८ मध्ये हृदयविकाराने त्याचे निधन झाले. म्हणजे ज्या कामामुळे आपण त्याला ओळखतो, ते सारे जेमतेम तीन वर्षांतले आहे. या तीन वर्षांतील चित्रांची संख्या अडीचशे ते सहाशे यांदरम्यान असावी, असे अंदाज केले गेले आहेत.

‘शोधा’ची कथा आणि तिचे गृहीतक

अमेरिकन जलरंगचित्रकार डेविट पीटर्स १९४३ साली इंग्रजीचे शिक्षक म्हणून हैतीत आले. मे १९४४ मध्ये त्यांनी हैतीच्या काही लेखक-कलावंतांच्या सहकार्याने पोर्ट-ओ-प्रिन्स येथे ‘सांत्र दार’ अर्थात कलाकेंद्र स्थापन केले. आरंभी त्यांच्या डोळ्यांसमोर शहरी, शिक्षित चित्रकार होते. फिलोमे ओबँ या काप-हैतियाँच्या चित्रकाराने पाठवलेल्या चित्राने त्यांची दृष्टी बदलली. त्याच सुमारास साँ-मार्कच्या रस्त्यावरील माँत्रुई गावातले मद्यालयाचे एक दार त्यांना आठवले. त्यावर फुले व पक्षी रंगवलेले होते आणि ‘इथे पुनर्जागरण’ अशा अर्थाचा फ्रेंच मजकूर होता. कवी-कादंबरीकार फिलिप तोबी-मार्सेलँ यांच्या मदतीने त्या दाराचा रंगारी शोधून काढण्यात आला. तो रंगारी म्हणजे इपोलित होय.

ही घटना खरी आहे. प्रश्न आहे तो तिच्या मांडणीचा. ‘शोध’ या शब्दात असे गृहीत धरलेले असते की, शोधणाऱ्याची नजर पडेपर्यंत ती वस्तू कोणाच्याच नजरेत नव्हती. इपोलितचे दार मात्र रोज शेकडो वाटसरू पाहत होते. मद्यालयाच्या मालकाने त्याला काम दिले होते, म्हणजे त्याच्या हाताची पारख त्या परिसराला होती. पन्नाशीला पोहोचलेल्या या कारागिराला स्वतःचा व्यवसाय होता आणि प्रेक्षकही होता. पीटर्स यांनी त्याला कॅनव्हास, बाजारपेठ आणि दूरचा प्रेक्षक दिला. त्याचे मोल कमी नाही. तथापि चित्रकार घडवणे आणि चित्रकाराला बाजारपेठ देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या भेदाचा एक गंभीर परिणाम संभवतो. दारे, फर्निचर, भिंती यांवरील त्याचे आधीचे काम उन-पावसात आणि वापरात नष्ट झाले. कलाकेंद्रासाठी काढलेले मात्र टिकले. त्यामुळे संग्रहालयांतील इपोलित हा केवळ अखेरच्या तीन वर्षांचा आहे. तीसेक वर्षे रंग हाताळलेल्या हाताची ती अखेर आहे, हे विसरून तिलाच आपण आरंभ मानतो. मग त्या चित्रांतील सफाई ‘उपजत’ वाटते आणि त्यामागील व्यवसायाचा सराव दिसेनासा होतो.

चित्रविश्व : रूप आणि आशय

इपोलितच्या चित्रांचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे त्यांतील आकृतींचे संमुख असणे. ल्वा बहुधा चित्राच्या मध्यभागी असतो आणि त्याची नजर थेट प्रेक्षकाकडे असते. दोन्ही बाजूंना फुले, पक्षी, सेवक किंवा पडदे अशी समतोल रचना आढळते. संतांच्या छापील चित्रांशी या रचनेचे नाते उघड आहे. परंतु तेवढ्यावर थांबता येत नाही. वूडूत ल्वा प्रथम दिसतो तो छापील चित्रात नव्हे, तर संचार झालेल्या माणसाच्या देहात. त्या क्षणी ओळखीचा शेजारी अनोळखी होतो, समोर उभा राहतो, आज्ञा करतो. इपोलितच्या आकृतींची स्थिर, रोखलेली नजर या अनुभवाच्या जवळची आहे. संतचित्रातील संत बहुधा स्वर्गाकडे दृष्टी लावतो. इपोलितचा ल्वा मात्र समोरच्या माणसाकडे पाहतो.

त्याची फुले हे दुसरे वैशिष्ट्य होय. ती कुंडीत असतात, हातात असतात आणि पुष्कळदा कशाचाही आधार नसताना पार्श्वभूमीत तरंगतात. दारे आणि फर्निचर सजवताना गिरवलेली ही फुले आहेत. कारागिरीतील नक्षी देवतेच्या चित्रात आल्यावर तिचा धर्मच बदलतो. दारावर ती जागा भरते, चित्रात ती जागा पवित्र करते. १९४८ चे ‘मेत्रेस एर्झुली’ हे चित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एर्झुलीला सुगंध, दागिने, गोड पदार्थ आणि फुले प्रिय आहेत. तिच्या चित्रातील अलंकरण हे तिला वाहिलेले उपचारच आहेत. सजावट आणि पूजा यांतील सीमारेषा येथे पुसली जाते.

तिसरे वैशिष्ट्य रंगलेपनाचे आहे. ‘लोकचित्र’ म्हटले की सपाट, भरीव, काटेकोर रंग डोळ्यांपुढे येतात. इपोलितचा हात तसा नाही. त्याचे फटकारे मोकळे आणि वेगवान आहेत. पुष्कळ ठिकाणी रंग पातळ असून खालचा पुठ्ठा डोकावतो. बाह्यरेषा ठसठशीत असली तरी तिच्या आतला रंग हलता राहतो. रिगो बेन्वा या त्याच्या समकालीनाची चित्रे शेजारी ठेवली असता फरक स्पष्ट होतो. बेन्वाची रेषा संयत आणि तपशीलनिष्ठ आहे, तर इपोलितची रेषा घाईने पण निश्चयाने ओढलेली आहे. लवकर वाळणाऱ्या इनॅमल रंगाने आणि मोठ्या पृष्ठभागावर काम करण्याच्या सवयीने ही गती त्याला दिली असावी.

ओबँशी केलेली तुलना आशयाच्या दृष्टीने उद्बोधक ठरते. ओबँ प्रोटेस्टंट होता. राष्ट्राचा इतिहास, नगराचे रस्ते, मिरवणुका व लढे हे त्याचे विषय होते. त्याच्या चित्रात घटना घडते, तिला स्थळ-काळ असतो. इपोलितच्या चित्रांत बहुधा घटना नसते, उपस्थिती असते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील ‘काँगोची राणी’ हे त्याचे चित्र पुठ्ठ्यावर रंगवलेले आहे. त्याचे शीर्षकच बोलके आहे. काँगो हे वूडूतील ल्वांच्या एका कुळाचेही नाव आहे. गुलामांच्या जहाजांतून ज्या भूमीची माणसे नावे पुसून आणली गेली, त्या भूमीला या शीर्षकाने राज्ञीपद मिळते. दोघांनाही ‘हैतीचे लोकचित्रकार’ या एकाच कप्प्यात टाकले जाते. पण एक इतिहासकार आहे आणि दुसरा उपासक, हा भेद त्या कप्प्यात मावत नाही.

समीक्षेच्या दृष्टी आणि त्यांच्या मर्यादा

डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंच कवी व अतिवास्तववादाचा प्रणेता आंद्रे ब्रेताँ हैतीत आला. क्यूबन चित्रकार विफ्रेदो लाम त्याच्यासमवेत होता. कलाकेंद्रात इपोलितची चित्रे पाहून ब्रेताँ प्रभावित झाला आणि त्याने त्यांपैकी पाच विकत घेतली. १९४६ साली पॅरिसमध्ये युनेस्कोने भरवलेल्या आंतरराष्ट्रीय आधुनिक कलाप्रदर्शनात इपोलितचे काम झळकले. ब्रेताँने त्याच्यावर लेख लिहिला आणि वूडूची दृश्ये व देवता यांचे अस्सल चित्रण करणारा पहिला चित्रकार म्हणून त्याचा गौरव केला. ब्रेताँला त्याच्या चित्रांत तर्काच्या पलीकडील सत्याचा पुरावा दिसला. पण हा पुरावा ब्रेताँच्या सिद्धांताला हवा होता. इपोलितच्या दृष्टीने ल्वा हे अबोध मनाची निर्मिती नव्हते. ते त्याच्या घरचे, नित्य परिचयाचे आणि विशिष्ट नियमांनी वागणारे होते. अतिवास्तववाद्याला जे अद्भुत वाटते, ते उंगानाला व्यवस्थित वाटते, हा दृष्टिभेद ब्रेताँच्या गौरवात झाकला जातो.

दुसरी दृष्टी निरागसतेचे कौतुक करणारी आहे. अमेरिकन कवी-समीक्षक सेल्डन रॉडमन याने १९४८ साली हैतीच्या चित्रकलेवर ग्रंथ लिहिला आणि ‘पुनर्जागरण’ हाच शब्द त्याच्या शीर्षकात योजला. याच वर्षी ट्रुमन कपोटी या अमेरिकन लेखकाने, इपोलितच्या कलेत चलाखीने अन्यत्रून उचललेले काही नाही, अशा आशयाचा अभिप्राय दिला. अभिप्राय प्रेमाचा आहे, पण वस्तुस्थितीला धरून नाही. युरोपात छापलेली संतचित्रे, कॅथलिक वेदीची रचना, कारखान्यात तयार झालेला रंग, पाट्यांवरील अक्षरलेखन अशा अनेक ठिकाणांहून इपोलितने घेतले आणि घेतलेले बदलले. हे सारे आधुनिक बंदर-शहराचे साहित्य आहे. ज्याला ‘आदिम’ म्हटले गेले, तो औद्योगिक रंगाने रंगवत होता आणि छापील प्रतिमांशी संवाद करत होता.

तिसरी दृष्टी खुद्द हैतीतील आहे. परदेशी ग्राहकांना ‘आदिम’ चित्रेच हवीत म्हणून कलाकेंद्र तशाच चित्रांना झुकते माप देते, अशी तक्रार तेथील शिक्षित चित्रकारांत वाढली आणि १९५० साली काही जण बाहेर पडून त्यांनी ‘फोयाय दे-झार प्लास्तिक’ ही स्वतंत्र संस्था काढली. त्यांचा आक्षेप गंभीर होता. पर्यटकांच्या मागणीने पुढील दशकांत हैतीत साचेबंद चित्रांची पैदास केली, हे नाकारता येत नाही. पण या आक्षेपात इपोलितला ओढणे अन्यायाचे ठरेल. बाजारपेठेने त्याला विषय दिले नाहीत. ते विषय पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरी होते.

स्वतः इपोलितची भूमिका या तिन्ही दृष्टींना छेद देते. चित्रे काढण्यासाठी उंगानाचे काम काही काळ स्थगित करण्याची परवानगी आपण ल्वांकडे मागितली आणि त्यांनी ती दिली, असे त्याने सांगितले होते. आता आपण पुरोहितापेक्षा चित्रकार अधिक आहोत, असाही त्याच्या बोलण्याचा आशय होता. या निवेदनाचे महत्त्व मोठे आहे. पुरोहित आणि चित्रकार या दोन भूमिका वेगळ्या आहेत, याचे स्पष्ट भान त्याला होते. पहिली बाजूला ठेवून त्याने दुसरी स्वीकारली आणि तीही आपल्या धर्माच्या रीतीने, ल्वांची अनुमती घेऊन. संचारावस्थेत आपोआप उमटलेली चित्रे ही कल्पना त्यापुढे टिकत नाही.

अर्थात त्याच्या सर्वच चित्रांना सारखे मोल देता येणार नाही. तीन वर्षांत शेकडो चित्रे काढताना पुनरावृत्ती झाली, काही रचना घाईत उरकल्यासारख्या वाटतात, हात-पाय यांची जोडणी कोठे कोठे ढिली राहते. ‘भाबडेपणा’च्या नावाखाली या उणिवांनाही गुण ठरवणे, ही समीक्षेची सोयीस्कर पळवाट होय. ज्याला आपण चित्रकार मानतो, त्याच्या उणिवा दाखवण्याचा आदरही त्याला मिळायला हवा.

समारोप

मराठीत ‘लोककला’ म्हणताना सामूहिकता, अनामिकता आणि परंपरेने आलेली शैली ही लक्षणे सामान्यतः अभिप्रेत असतात. इपोलितच्या बाबतीत देवतांचा समूह सामूहिक आहे, पण त्यांना दिलेले चित्ररूप व्यक्तीचे आहे. चित्रांवर त्याची स्वाक्षरी आहे आणि त्याचा फटकारा दुसऱ्या कोणाचा वाटत नाही. म्हणून त्याला लोकचित्रकार म्हणताना ‘लोक’ या पदाचा अर्थ ‘अशिक्षित’ किंवा ‘आदिम’ असा न घेता, ज्यांची चिन्हे तो जाणतो आणि ज्यांच्या वतीने तो ती मांडतो तो समाज, असा घ्यावा लागेल. या अर्थाने ही संज्ञा त्याला शोभते.

त्याच्या मृत्यूनंतर १९५०–५१ मध्ये ओबँ, बेन्वा, कास्तेरा बाझील, विल्सन बिगो, प्रेफेत द्युफो आदी चित्रकारांनी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या एपिस्कोपल कॅथेड्रलच्या भिंती रंगवल्या. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात हे कॅथेड्रल कोसळले आणि १४ भित्तिचित्रांपैकी केवळ ३ वाचली. कलाकेंद्राची इमारतही त्याच भूकंपात पडली. मात्र ज्या श्रद्धांचे ढोल १९४१–४२ मध्ये जाळले गेले, त्यांच्याविरुद्धचा कायदा १९८७ च्या राज्यघटनेने रद्द केला आणि २००३ मध्ये शासनाने वूडूला धर्म म्हणून मान्यता दिली.

या मान्यतेचे श्रेय एका चित्रकाराला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण लपवून ठेवलेल्या देवता उजेडात, नावानिशी आणि मान ताठ ठेवून उभ्या राहू शकतात, हे शासनाच्या सुमारे साठ वर्षे आधी इपोलितने पुठ्ठ्यावर, उरलेल्या रंगाने दाखवून दिले होते. विधी संपताच पुसली जाणारी वेवे आणि उन-पावसात विटणारे दार यांच्यासाठी आयुष्यभर वापरलेले कसब त्याने अखेरच्या तीन वर्षांत टिकाऊ चित्राकडे वळवले. त्याची कला समजून घेताना मद्यालयाचे दार कोणी पाहिले, यापेक्षा ते कोणी रंगवले आणि पुढे त्या हाताने कोणता निर्णय घेतला, याकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष देणे अगत्याचे आहे.